पलूसच्या घराचा बदललेला नकाशा

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मेक्सिकोहून एक आर्किटेक्ट आम्हाला आठवडाभर शिकवायला आले होते. ते कॉम्प्युटर उघडू देत नसत. आधी जागेवर दिवसभर बसा, ऊन कसं सरकतं ते पेन्सिलनं काढा, भिंतींचं मग बघू, असा त्यांचा शिरस्ता. एका घरासाठी भरलेल्या वह्या त्यांनी दाखवल्या. पहिल्या पानावर नुसती एका झाडाची सावली होती. चौथ्या वहीत त्या सावलीत ओसरी उभी राहिली होती. मी भारावून गेले.

साताऱ्यात ऑफिस थाटल्यावर तसं काम एकदाच मिळालं. पलूसचे एक निवृत्त सुभेदार घर बांधणार होते. मी त्यांच्या उसाच्या बांधावर सकाळपासून वही घेऊन बसले. त्यांची बायको चहा घेऊन आली आणि शेजारी टेकली.

"मला ह्यातलं कळत न्हाई, मॅडम," ती म्हणाली. "पण सारा जन्म अंधाऱ्या सैपाकघरात गेला. हितं उजेड यील का?"

तिच्यासमोरच मी पूर्वेला, रस्त्याच्या अंगाला, रुंद खिडकी काढली. खाली भाजी निवडत बसायला कट्टा. तिनं त्यावर बोट ठेवलं, ते बराच वेळ उचललं नाही.

जोतं झालं आणि सुभेदारांचे थोरले भाऊ आले. "रस्त्याकडनं सगळी काच पायजे. सैपाकघर कशाला म्होरं? घाला मागं."

सीमेवर उभा राहिलेला माणूस भावापुढं मान डोलावून मोकळा झाला. आणि मी? "बदलून देते," म्हणाले. नव्या नकाशावर सहीही केली. हातात दुसरं काम नव्हतं, हे कारण मी स्वतःला पुढं कितीदा तरी सांगितलं.

वास्तुशांतीला गेले, तर निळ्या काचेपुढं पाहुणे फोटो काढत होते. मागच्या सैपाकघरात भरदुपारी ट्यूब लावलेली. सुभेदारांची बायको पुऱ्या लाटत होती. मला बघून हात थांबला नाही.

"त्यांचं सोडा, त्यांनी भावाचा सबूद कवा मोडला न्हाई," ती म्हणाली. "पण तुमी शिकल्याल्या. तुमी तरी बोलायचं हुतं."

मी न जेवताच निघाले.

आता काम भरपूर आहे. लोक मोबाइलवर त्याच घराचा फोटो दाखवतात, "अशीच काच पायजे" म्हणतात. मी कॉम्प्युटरवर दोन दिवसांत नकाशा काढून देते.