गर्दीत उभा असलेला यासीन

आखातातल्या जिदहफ्सच्या बाजारामागे मुलाच्या घरी राहणाऱ्या आबिदाने नव्वदी ओलांडली, पण नवरा मेला असं कुणाला म्हणू दिलं नाही. मुलगा अहमद पोटात असताना तिचा नवरा, रत्नागिरीचा यासीन, बोटीने केपटाऊनला गेला, तो गेलाच. तिथून परतलेल्या एका खलाशाने एवढंच सांगितलं, "यासीनभाय गोऱ्यांच्या सिनेमात गर्दीत उभे होते." पुढे काही खबर नाही. गावातल्या जाणत्यांनी गायबाना जनाजा, म्हणजे मयत समोर नसताना पढायची नमाज, सुचवली, तेव्हा आबिदा कडाडली, "जित्या माणसाला पुरता काय?" अहमदने सत्तरी गाठली, तरी पुन्हा विचारायची त्याची छाती झाली नाही.

एका शुक्रवारी जेवणं आटोपल्यावर नातवाने, अर्सलानने, त्या काळी केपटाऊनकडे काढलेला तो सिनेमा हुडकून टीव्हीवर लावला. आणि काय तो काळ्या-पांढऱ्या उजेडाचा खेळ! आफ्रिकेतलं गाव, गोऱ्यांचं चर्च, काळ्यांना आत मज्जाव. म्हातारा काळा पाद्री पायरीवर गुडघे टेकतो आणि बंदुकांसमोर सारी गर्दी धुळीत गुडघ्यांवर येते.

एकच जण उभा होता. हात बांधून, मान खाली. वाऱ्याने सगळ्यांचे कपडे फडफडत होते, त्याचे नाही.

"परत लाव," आबिदा म्हणाली. "तुझा दादा हाय तो, माझा यासीन."

"एक्स्ट्रा असेल, दादी. चुकून उभा राहिला."

"बाकीच्यांना बसवलं, मग याला कसं कुणी हटकलं नाय?" अहमद पुटपुटला.

परत लावलं. या वेळी त्याची मान वर होती आणि तो थेट आबिदाकडे बघत होता. अहमद खुर्चीतच मागे सरकला.

आबिदाला मात्र उमगलं. वाकायचं नाही, कपाळ टेकून सजदा नाही, हात बांधून नुसतं उभं राहायचं, अशी नमाज एकच, जनाज्याची.

"कुणी पढली नाय, म्हणून आपली आपणच पढत बसलाय रे! मीच त्याला ताटकळत ठेवला. उठ, अहमद. यल्ला!"

टीव्ही बंद झाला. अहमद, अर्सलान आणि हाकेसरशी आलेला शेजारचा तौकीर ओळीत उभे राहिले. मागे खुर्चीत आबिदा, ओठ हलत होते. शेवटचा सलाम झाला, तशी खोली एकदम गार पडली.

तौकीर गेल्यावर अर्सलानने धीर करून सिनेमा लावला. पाद्री, बंदुका, धूळ, टेकलेले गुडघे. मधोमध एका माणसापुरती जागा रिकामी.

"मफी," तो कसाबसा म्हणाला. "नोबडी. कुणी नाही."

आबिदाने पडद्याकडे पाहिलंही नाही.

"अहमद, तुझा बाप वारला, मशिदीत सांगून ये," ती म्हणाली. "मरहूम यासीनसाठी दुवा करा म्हणावं."