हात नव्हे, पट्टी

उंदरांनी माडावरचे कोवळे नारळ पोखरायला घेतले, तेव्हा माझ्या सत्तरीच्या आत्याने माळ्यावरची छर्‍याची बंदूक खाली काढली. जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर कोळशाचा ठिपका काढून तिने ती फणसाच्या खोडाला टाचली, पंचवीस पावलं मोजली आणि तीन छर्रे मारले. तिन्ही ठिपक्याच्या डावीकडे, दोन बोटांच्या अंतरावर लागले.

शेजारचे भाऊ दगडी गडग्यापलीकडून हसले. "काकी, हात थरथरतो तुमचा. द्या इकडे."

"थरथरला असता तर भोकं विखुरली असती, भाऊ. ही बघा, एकमेकांना चिकटून आहेत. हात बरोबर आहे, पट्टी सरकलीय." तिने स्क्रू फिरवून बंदुकीवरची नेम धरायची मागची पट्टी केसभर उजवीकडे घेतली. चौथा छर्रा ठिपक्यात गेला.

मी ओसरीवरून बघत राहिले. मला जन्मभर सगळ्यांनी हातच सावरायला सांगितला. जरा हळू बोल, जरा कमी हस. मीही सावरत गेले, आणि माझी भोकं कागदभर विखुरली. पट्टी कोणी बसवली, हे कधी विचारलंच नाही.

"मग तो टिपा की!" भाऊंनी लांबच्या माडावरचा उंदीर दाखवला.

"छर्रा पोचेल, पण जीव जाणार नाही. अर्धमेला करून सोडायला मी बंदूक धरत नाही. कुठून मारायचं ते मी ठरवीन." आणि ती पावलं मोजत माडाकडे चालू लागली.

मला मोठ्याने हसू आलं. भाऊंनी वळून माझ्याकडे रोखून पाहिलं. मी हसणं कमी केलं नाही.