भैरवनं आईला सांगितलं तेव्हापासून

आमच्या लासुर्ण्यात दत्तूच्या सलूनातले केस रोज झाडून बाहेर जातात, किस्से मात्र तिथंच साठतात. यंदा तर ढीगच लागलाय. कारण एकच, टीव्हीवरचा पैलवान भैरव!

भैरव म्हणजे सिरियलमधला आमचा हिरो. आणि परवा या गड्यानं भर एपिसोडमध्ये सांगून टाकलं, "आई, मला बायको नको. माझं मल्हारवर प्रेम हाय!"

सकाळी दत्तूकडं ही गर्दी! हौसेनं ठेवलेली भैरव-कट मिशी प्रत्येकाला उडवायची होती. दत्तू वस्तरा परजत म्हणाला, "काढतो की! पर मिशी गेल्यावर तुमी लईच गोड दिसताय बघा." निम्मे तसेच उठून गेले.

भैरवच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आमच्याच ग्रुपनं चौकात लावलेला. खाली शुभेच्छुक म्हणून आमचे गॉगलवाले फोटो. आमचा अध्यक्ष पिंट्या, त्याला पंचायतीला उभं राहायचंय. त्यानं ब्लेडनं स्वतःचा तेवढा फोटो कापून नेला. तोवर त्या फ्लेक्सकडं कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. आता एसटीतनं उतरणारा प्रत्येक जण विचारतो, "ह्या भोकात कोण व्हतं ओ?" मग आम्ही इमानदारीत पिंट्याचं घर दाखवतो.

भवानीनगरचे वस्ताद तात्या दाढीला आले ते लालबुंद होऊनच. "पैलवान असा असतोय व्हय? तालमीची बदनामी हाय ही!"

दत्तू म्हणाला, "पर तात्या, बाईकडं मान वर करून बघायचं न्हाय, असा दम तुमीच पोरांना द्यायचा की!"

"ते येगळं!"

"भैरवनं तर तुमचंच ऐकलं!"

तात्या अर्ध्या दाढीवरच निघून गेले.

असलं आपल्याकडं नसतंय, यावर मात्र सगळ्यांचं एकमत. लासुर्णेकर म्हणतात, बारामतीत असतंय. बारामतीकर म्हणतात, छे, पुण्यात! दत्तूनं पुण्याच्या मेव्हण्याला फोन केला, तर तो म्हणाला, "मुंबईचं फॅड आहे ते."

या गप्पांत आमचा सचिन तेवढा गप्प असायचा. पस्तिशीला आलाय, दिसायला राजबिंडा, आलेलं प्रत्येक स्थळ परत पाठवलेलं. दर रविवारी बारामतीला महेशकडं जातो. आम्हाला कळत नव्हतं असं न्हाय, पण कळलंय असं दाखवायची आमच्यात पद्धत न्हाय. आणि त्याला धास्ती एकाच माणसाची, आईची.

पुढचा एपिसोड आम्ही सचिनच्याच घरी बघितला. त्याच्या आईनं, म्हणजे काकीनं, सगळ्यांना चहा दिला आणि तीही बसली. टीव्हीत भैरवच्या आईनं त्याला भरल्या ताटावरनं उठवून घराबाहेर काढलं.

पिंट्यानं टाळी वाजवली, "अस्संच पायजे!"

सचिन उठला आणि दारात जाऊन चपला शोधायला लागला.

काकीनं खटकन टीव्ही बंद केला. "आई हाय का कोण ही! लेकराला उपाशी हाकलतीया!"

काकी कपबश्या गोळा करत आत गेली आणि आतनंच तिनं हाक मारली,

"सचिन, ह्या रविवारी तू जाऊ नको. महेशलाच हिकडं जेवायला बोलव. आन् पिंट्या, तू बी ये रं, वाढायला माणूस लागंल!"