निळ्या चौकड्यांचा रुमाल

त्या सोमवारी मी देवावर चिडूनच आमच्या बोरी गावातून निघाले. आदल्या आठवड्यात दोनदा मी चाकणला कामावर पोचलेच नव्हते. गाडीतला गोंगाट सहन होईना म्हणून मध्येच उतरले आणि रस्त्याकडेला कान दाबून बसून राहिले. पुन्हा असं झालं तर दुसरी मुलगी बघू, असं साहेबांनी सांगून टाकलं होतं. सुटे भाग तपासायचं माझं काम मला मनापासून आवडतं. केसाएवढा ओरखडाही माझ्या नजरेतून सुटत नाही. पण तिथवर पोचणं जिवावर येतं. मला ऑटिझम आहे हे तिशी उलटल्यावर डॉक्टरांकडून कळलं. तोवर घरात मी नुसती हेकट होते.

मला लेण्याद्रीचा गणपती जवळचा वाटतो. तो पाठमोरा बसलाय असं आमच्याकडे मानतात, त्यामुळे त्याच्यापुढे नजर चोरावी लागत नाही. त्याच्याकडे मी महिनोन्‌महिने एकच मागत होते, गाडी रिकामी मिळू दे.

नारायणगावच्या स्टँडवर गाडी लागली, तशा खिडक्यांतून टोप्या, पिशव्या, रुमाल आत पडू लागले. रुमाल पडला की जागा धरली, हा इथला कायदा. ती झोंबाझोंबी मला जमत नाही. मी चढले तेव्हा दाराशेजारचं एकट्याचं सीट तेवढं मोकळं होतं, आणि त्यावर निळ्या चौकड्यांचा रुमाल होता. मी शेजारी उभी राहिले.

"ताई, बसा की. कोन न्हाई तिथं," कंडक्टर म्हणाला.

"रुमाल आहे," मी म्हणाले.

माणसं हसली. मागून चढणारे माझ्यामुळे अडले, कुणाची तरी पिशवी पाठीत रुतली, कुणाच्या तरी मोबाईलवर गाणं किंचाळत होतं. मी दोन्ही कान दाबले. उतरले तर नोकरी गेली, हे कळत असूनही मी दाराकडे वळले.

"बस गं बाय तिथं," मागून एका बाईचा आवाज आला.

माझी नजर खाली रुमालावर. "जागा धरलीय कुणीतरी."

"मीच धरलीया. म्हनून तर सांगते, बस."

मी रुमाल उचलून हातात घेतला आणि बसले. ती वळून माझ्याकडे पाठ करून उभी राहिली, दोन्ही हातांनी दांड्या धरून. मंचरला गाडी खच्चून भरली. राजगुरुनगरला ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली, हॉर्न थांबेनात, आणि दोनदा मला वाटलं की आता आपण ओरडणार. मी रुमालाच्या चौकड्या मोजत राहिले. "अंगावर येऊ नका, राव. तिला वारा लागू द्या," एवढंच ती कुणालातरी म्हणाली. मला तिनं काहीच विचारलं नाही.

चाकणला ती माझ्याआधी उतरली आणि गर्दीत मिसळली. हिरवं लुगडं आणि पांढरा अंबाडा, एवढंच मी पाहिलं. रुमाल माझ्या मुठीतच राहिला. त्या दिवशी मी वेळेवर कामावर होते, आणि हात धुताना मला रडू आलं.

रविवारी मी लेण्याद्री चढले. ती कोण होती, हे देवाला विचारलं नाही. त्याच्या पाठीकडे बघत फार वेळ उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा काही न मागता परत फिरले. गाडीची गर्दी आजही तेवढीच आहे, आणि काही सकाळी मला अजून उतरावंसं वाटतं. पण कुणीतरी माझ्यासाठी धरलेली जागा त्या दिवशी मीच नाकारत होते, हे मी विसरत नाही. आता कुणी बस म्हणालं, की मी बसते.