आईचा उजवा खांदा

गेल्या वर्षी भातकापणीच्या तोंडावर आईचा उजवा खांदा असा धरला की तिला स्वतःचा अंबाडाही घालता येईना. कर्जतच्या डॉक्टरांनी खांद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. "दुखणं थांबेल, पण आतली शीर झिजली आहे. महिनाभर या हाताने जड काम करायचं नाही," असं त्यांनी बजावलं. आईने मान डोलावली. तिचं मान डोलावणं म्हणजे 'बघू नंतर', हे डॉक्टरांना कुठून ठाऊक असणार?

चार-पाच दिवसांत दुखणं पळालं. सकाळी ती आपल्या हाताने अंबाडा घालून ओट्यावर येऊन बसली, तेव्हा मला देव पावल्यासारखं वाटलं.

आमच्या गावात झोडणीला मजूर लावत नाहीत. आज शेजारणी आपल्या खळ्यावर, उद्या आपण त्यांच्या. आमचं भात त्यांनी झोडून दिलं होतं. महिना भरायच्या आतच एक दिवस मी रसायनीला कारखान्यात पाळीवर गेलो आणि आई निघाली शेजारच्या खळ्यावर. दिवसभर भाताच्या पेंढ्या डोक्याच्या वर उचलून फळीवर आपटत राहिली, त्याच हाताने. संध्याकाळी घरी आलो तर हात मांडीवर पडलेला.

"आत काय तरी तुटल्यागत झालं. पण दुखलं नाय रं."

"डॉक्टर काय म्हणाले होते?" मी ओरडलो.

"दुखत नव्हतं ना! मग घरात बसून शेजारणींना काय तोंड दाखवू?"

शीर तुटली होती. या वयात टाका धरेल याची खात्री नाही, हात आता खांद्याच्या वर जाणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मला त्या इंजेक्शनचाच राग आला. दुखत होतं तोवर तिला आवरायला निदान ते दुखणं तरी होतं. आता रोज सकाळी तिचा अंबाडा मी घालतो, आणि तो रोज सैल होतो.

यंदाच्या झोडणीला शेजारणी न बोलावता आमच्या खळ्यावर आल्या. आई म्हणाली, "माघारी जा गं. मला आता तुमच्याकडं येता यायचं नाय."

त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी फळी मांडत म्हणाली, "तू आमच्या खळ्यावर जन्मभर झोडलंस. बस आता गप."

हात गेला तेव्हा आई रडली नव्हती. आता रडली. डोळे पुसायला सवयीने उजवा हात उचलला, तो छातीपाशीच अडला. मी पदर धरून तिचे डोळे पुसले.