माकडटोपी आणि उघड्यावरचा बर्फ

"अरे, पास दे त्याला! एकटाच कुठे निघालास?" बाबा मराठीत असे ओरडले की खाली बर्फावरचा खेळाडू दचकून थांबला. निदान मी तरी सगळ्यांना तसंच सांगतो.

आज अमेरिकेतल्या माझ्या मॉरिसव्हिलच्या घरात कपाट आवरताना त्यांची माकडटोपी सापडली. तिला खोबरेल तेलाचा वास अजून आहे. बाबा जाऊन मात्र बरीच वर्षं झाली.

आई गेल्यावर मी त्यांना नागपूरहून इथे आणलं, कायमचं ठेवायच्या इराद्याने; परतीचं तिकीट काढलं होतं, पण ते कॅन्सल करायचं मी ठरवलं होतं. ही टोपी घालून बाबा ओरडले, त्या संध्याकाळी फुटबॉलच्या उघड्या स्टेडियममध्ये आइस हॉकीची मॅच होती. अर्धं राज्य लोटलं होतं, आणि सगळ्यांच्या तोंडच्या वाफेवर इडल्या शिजल्या असत्या. बर्फाखाली गार नळ्या घालतात, दिवसा ऊन लागू नये म्हणून तो झाकून ठेवतात, असं मी त्यांना सांगितलं.

"म्हणजे आपला कूलरच की," म्हणाले, आणि बराच वेळ त्या बर्फाकडे बघत राहिले. मला वाटलं, रमले.

परतताना गाडीत मी विचारलं, "बाबा, राहाल ना आता इथेच?"

"तो बर्फ उद्या काढून टाकतील?"

"हो, मॅचपुरताच असतो."

"मग मीही मॅचपुरताच. माझं परतीचं तिकीट कॅन्सल करू नकोस."