दुसऱ्या वर्षीची कांडी

मी पदवीधर झालो तो हरसूलच्या भोये गुरुजींमुळे. पण लिहितोय गंगापूर रोडवरच्या एका दुकानदाराबद्दल, ज्यांना मी नुसतं शेठ म्हणत आलो.

आमच्या कंपनीचा नवा पाण्याचा फिल्टर मी दुकानोदुकानी दाखवत असे. बाकीचे आधी सवलत विचारत. शेठ चष्मा कपाळावर चढवून, खोकं न उघडताच विचारायचे, "आतली कांडी दुसऱ्या वर्षी कुठं मिळंल?" पाणी गाळणारी ही कांडी दरवर्षी बदलावी लागे. म्हणून शेठ कांड्या आधी मागवायचे, फिल्टर नंतर.

दुसऱ्या दिवाळीत फिल्टर धडाधड खपत होता, तेव्हा त्यांनी उरलेला माल दारात रचून ठेवला. "घेऊन जा, साहेब."

"शेठ, आत्ता तर खप वाढलाय."

"फिल्टरचा वाढलाय. कांडी मागायला एक गिऱ्हाईक आलं नाय. लोकांनी घेतलाय, वापरत कुणी नाय. कंपनी हा फिल्टर गुंडाळणार बघा, मग कांडीबी मिळायची नाय."

मला ते पटलं होतं. तरी टार्गेटसाठी त्यातलाच एक मी हरसूलला नेला. गुरुजींनी काही विचारलं नाही. माझ्याकडे बघून घेतला.

गेल्या आठवड्यात कंपनीने फिल्टर बंद केला. शेठनी चहा मागवला आणि कपाटातून एक कांडी काढून माझ्यापुढे ठेवली. "कुणा घरच्या माणसाच्या गळ्यात मारला असंल, त्याला द्या."

कांडीसोबत मी पत्र पाठवलं:

"गुरुजी, साष्टांग नमस्कार. ही कांडी शेवटची. यापुढे मिळणार नाही, हे मला फिल्टर देतानाच ठाऊक होतं."